कोड्यांचा जीर्णोद्धार

कोडे म्हातारे होत नाही, असे म्हणतात. आजीने आईला घातलेले आणि आईने मुलीला घातलेले कोडे तेच असते. उत्तर सापडेपर्यंत ते ताजे; उत्तर सापडले की क्षणात शिळे. त्याला ना गंज चढतो, ना वाळवी लागते. परंतु तेच कोडे यंत्राच्या पोटात घातले की गोष्ट निराळी होते. यंत्र दहा-पंधरा वर्षांत जुने होते, अडगळीत पडते, आणि त्याच्याबरोबर त्याच्या पोटातली कोडीही अंधारात जातात. मग कोणीतरी ती बाहेर काढावी लागतात, नव्या यंत्रात बसवावी लागतात, आणि बसवताना कोठे टवका उडाला, कोठे सांधा निखळला, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. अशाच एका जीर्णोद्धाराची ही हकीगत आहे. त्यातले गवंडी आणि सुतार पगारी नव्हते. ते त्या खेळाचे खेळाडूच होते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एपिक्स नावाची खेळ तयार करणारी कंपनी होती. तेथे चक सॉमरव्हिल हे संगणकाचे जाणकार काम करीत असत. १९८९ साली अटारी कंपनीने लिंक्स नावाचे, हातात धरून खेळण्याचे एक यंत्र बाजारात आणले. त्या यंत्रासाठी सॉमरव्हिल यांनी ‘चिप्स चॅलेंज’ हा खेळ रचला. त्याची कथा अगदी छोटी आहे. चिप नावाच्या अभ्यासू मुलाला ‘बिट बस्टर्स’ या मंडळात प्रवेश हवा असतो. मंडळाची प्रमुख मेलिंडा ही मोठी बुद्धिमान मुलगी. तिची अट एवढीच, की मंडळाच्या वास्तूतील सारी कोडी सोडवून दाखवावीत. कथेत याहून अधिक काही नाही, आणि त्याची उणीवही कोणाला भासत नाही. कारण खेळाचा जीव कथेत नसून कोड्यांत आहे.

खेळातल्या एकेका टप्प्याला मुले लेव्हल म्हणतात. तो दिसतो सोंगट्यांच्या पटासारखा; म्हणून त्याला पट म्हटले तरी शोभेल. प्रत्येक पट ३२ उभ्या आणि ३२ आडव्या ओळींचा, म्हणजे १,०२४ चौकोनांचा. परंतु खेळाडूला एका वेळी दिसतात ते चिपच्या भोवतालचे केवळ ८१. उरलेला पट चालून पाहिल्यावाचून कळत नाही. पटावर जागोजागी संगणकाच्या चिपा विखुरलेल्या असतात. ठरलेल्या सर्व चिपा गोळा झाल्या की वाटेतला अडसर दूर होतो आणि बाहेर पडण्याचे दार गाठता येते. पण ते गाठायचे कसे? वाटेत चार रंगांची कुलपे आहेत. तांबडी, निळी आणि पिवळी किल्ली एक कुलूप उघडले की खर्ची पडते. हिरवी मात्र कितीही वेळा चालते. पाणी आहे, आग आहे, निसरडा बर्फ आहे, आणि त्या प्रत्येकातून जाण्यासाठी निरनिराळी पादत्राणे आहेत. एका चौकोनात चोर बसलेला असतो. त्याच्यावर पाऊल पडले की कष्टाने मिळवलेली सारी पादत्राणे गेलीच! मातीचा ठोकळा पाण्यात लोटला की पाणी बुजून वाट तयार होते. पण ठोकळा ढकलता येतो, ओढता येत नाही. तो एकदा कोपऱ्यात गेला की कायमचा अडकला, आणि मग पहिल्यापासून आरंभ.

या पटांवर हिंडणारे प्राणीही मोठे मौजेचे आहेत. एक किडा सदैव डाव्या हाताची भिंत धरून चालतो. गुलाबी चेंडू भिंतीवर आपटतो आणि आल्या वाटेने परत फिरतो. नुसते दातच दात असलेला एक प्राणी चिपच्या मागे लागतो. यांतला कोणी लहर लागली म्हणून आपला धर्म सोडीत नाही. किडा आज डावीकडे वळला तर उद्याही तेथेच वळेल. म्हणूनच भित्रा खेळाडूसुद्धा धीर धरून विचार करू शकतो. अपवाद आहे तो हिरव्या लिबलिबीत गोळ्याचा. हा वाटेल तिकडे भटकतो. त्यांनी पट भरला की बुद्धीचे काम संपते आणि दैवाचे सुरू होते. मूळ खेळात असेही एक-दोन पट आहेत. ते काही सॉमरव्हिल यांच्या कारागिरीचे उत्तम नमुने म्हणता येणार नाहीत. पण बाकीचे? त्यांतील कित्येक इतके नेटके आहेत, की एकही चौकोन इकडचा तिकडे करावासा वाटू नये.

मूळ यंत्रावर असे १४८ पट होते. पुढे १९९२ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने हा खेळ आपल्या विंडोज प्रणालीसाठी काढला, तेव्हा त्यात एकाची भर पडून पट १४९ झाले. कचेरीतल्या आणि घरातल्या संगणकांवरून तो दूरदूर पोचला. लिंक्स यंत्र ज्यांनी कधी डोळ्यांनी पाहिले नाही, अशा मुलांनाही चिप ठाऊक झाला. आणि नेमका येथेच पहिला सांधा निखळला.

खेळ तोच, पट जवळजवळ तेच. परंतु ते चालवणारे यंत्र निराळे होते. लिंक्सवर चिप एका चौकोनातून दुसऱ्यात हळूहळू सरकत जाई. विंडोजवर तो उडी मारल्यासारखा थेट पुढच्या चौकोनात दिसे. वरवर पाहता हा फरक क्षुल्लक वाटेल. पण ज्या खेळात किड्याच्या आणि चिपच्या पावलांचा मेळ क्षणाक्षणाला जमवावा लागतो, तेथे क्षुल्लक काय? एकाच नाटकाची संहिता दोन मंडळ्यांनी बसवावी, आणि एकीचा तबलजी द्रुत लयीत तर दुसरीचा विलंबित लयीत वाजवणारा असावा, तसे झाले. शब्द तेच, प्रवेश मात्र एकीकडे रंगतो, दुसरीकडे पडतो.

काही वर्षांनी हौशी खेळाडूंनी या खेळाचे पट बदलण्याची आणि नवे रचण्याची साधने तयार केली, आणि पटांचा पूर लोटला. ज्याला त्याला सॉमरव्हिल व्हावेसे वाटू लागले. त्यांत कसब असलेले रचनाकार होते, तसे केवळ दुसऱ्याला छळण्यात आनंद मानणारेही होते. १,०२४ चौकोन आगीने आणि चेंडूंनी खच्चून भरले म्हणजे कोडे झाले, अशी पुष्कळांची समजूत होती. अवघड कोडे आणि त्रासदायक कोडे यांतला भेद कळायला रचनाकाराचे वय वाढावे लागते.

मग या साऱ्या गर्दीतून निवडून १४९ पटांचा एक संच करण्यात आला. मूळ खेळ हा पहिला संच मानून याला दुसरा म्हटले गेले. तो २००२ साली बाहेर पडला. त्याच सुमारास एका अमेरिकन प्रोग्रामकाराने ‘टाइल वर्ल्ड’ नावाचा कार्यक्रम लिहून तो सर्वांना विनामूल्य दिला होता. त्यात लिंक्सचे नियम आणि विंडोजचे नियम या दोहोंपैकी हवे ते निवडता येतात. सोय उत्तम झाली. पण एक पेच उरला. मूळ १४९ पटांचे हक्क मालकीचे होते. ते फुकट वाटण्यास कायद्याची परवानगी नव्हती. म्हणजे जाते मिळाले, पण दळायला दाणे नाहीत! ज्याच्यापाशी जुना खेळ होता तो आपले पट त्यात घालून खेळे. ज्याच्यापाशी नव्हता, त्या नवख्या मुलाच्या हाती आला तो दुसरा संच. आणि तो तर मूळ खेळ पार करून तयार झालेल्यांसाठी रचलेला. मुळाक्षरे न शिकलेल्या मुलापुढे व्याकरणाची पोथी ठेवावी तसाच हा प्रकार होता.

दुसऱ्या संचात आणखी एक खोट होती. त्यातले कित्येक पट विंडोजच्या रूपातील विचित्र वागणुकीवरच उभे होते. मूळ खेळाच्या पटांवर कधी न मांडलेले, पण यंत्राच्या पोटात कसेबसे उरलेले चौकोनही काही रचनाकारांनी हौसेने वापरले होते. विंडोजच्या नियमांनी हे पट सुटत. लिंक्सच्या नियमांनी मात्र त्यांतले काही सुटणे अशक्यच होते. कोडे घालणाऱ्याने उत्तर नसलेले कोडे घालावे, याहून मोठा अन्याय कोणता? खेळाडू तासन्‌तास डोके खाजवतो आणि दोष स्वतःच्या बुद्धीला देतो. मुलांना हा अनुभव चांगला परिचयाचा असेल: छपाईत चुकलेले गणित रात्री उशिरापर्यंत सोडवत बसणे!

तेव्हा या संचाची लिंक्सच्या नियमांत बसणारी दुरुस्त प्रत तयार करण्याचे काम निघाले. एकेक पट घ्यायचा, तो दुसऱ्या नियमांत कोठे अडतो ते शोधायचे, आणि तेवढेच बदलायचे. हे काम दिसते तितके सोपे नाही. समजा, एका पटावर पाणी ओलांडण्यासाठी एक ठोकळा ठरावीक क्षणी बर्फावरून घसरत यावा लागतो, आणि नव्या नियमांत तो क्षणभर उशिरा येतो. आता काय करावे? बर्फाचा एक चौकोन कमी करावा काय? केला, तर त्याच बर्फावरून जाणारा चेंडू लवकर पोचू लागतो. पाण्याचा एक चौकोन बुजवावा काय? बुजवला, तर ठोकळ्याची गरजच संपते आणि कोडे मरते. कोडे दुरुस्त करायचे, पण सोपे करायचे नाही. खोट काढायची, पण खोच ठेवायची.

मराठी वाचकाला येथे एकनाथांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रतींत नकला करणाऱ्यांच्या हातून अशुद्धे शिरली होती. नाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, त्या पाठाची शुद्धी केली. आणि यापुढे कोणी त्यात स्वतःची ओवी मिसळू नये, अशी स्पष्ट ताकीदही लिहून ठेवली. स्वतः उत्तम कवी असताना दुसऱ्याच्या ग्रंथात आपला हात दिसू न देणे, हा संयम थोर आहे. ग्रंथाची आणि खेळाची योग्यता एक नव्हे, हे उघड आहे. परंतु शोधकापुढचा प्रश्न तोच आहे: मूळ कर्त्याला काय अभिप्रेत होते, आणि आपल्याला काय आवडते, या दोन गोष्टी वेगळ्या कशा ठेवाव्यात?

या प्रश्नाची खरी कसोटी लागते ती चोरवाटांच्या बाबतीत. रचनाकार मोठ्या मेहनतीने एक लांबचा मार्ग आखतो. निळी किल्ली घ्यावी, तिने कुलूप उघडून ठोकळा सोडवावा, ठोकळ्याने पाणी बुजवावे, पलीकडची चिप घ्यावी, असा त्याचा बेत असतो. मग एखादी चतुर मुलगी येते आणि तिला दिसते, की दुसऱ्याच कामासाठी ठेवलेला एक ठोकळा मागच्या बाजूने वळवला तर किल्लीची जरुरीच पडत नाही. तीस पावलांत काम खलास! या चोरवाटेला ते खेळाडू ‘बस्ट’ म्हणतात. आता ही वाट बुजवावी की ठेवावी? बुजवणाऱ्याचे म्हणणे असे, की जे कोडे टाळून जाता येते ते कोडेच नव्हे. ठेवणाऱ्याचे म्हणणे असे, की चोरवाट शोधून काढणे हीसुद्धा बुद्धीचीच करामत आहे. तिचे बक्षीस काढून का घ्यावे? दोन्ही बाजूंना तथ्य आहे. मात्र एक भेद करणे अवश्य वाटते. जो पट अजून प्रसिद्ध झालेला नाही त्याची चोरवाट बुजवण्याचा अधिकार रचनाकाराला खचित आहे. पण ज्या पटावर शेकडो मुलांनी वर्षानुवर्षे पावले टाकली, तेथली चोरवाटही त्या पटाच्या इतिहासाचा भाग झालेली असते. वाड्याच्या उंबऱ्याला पडलेला खळगा कोणी सिमेंटने भरीत नाही.

पुढच्या संचांच्या वेळी खेळाडूंनी अधिक शिस्तीने काम केले. आधी रचनाकारांनी आपापले पट पाठवावेत; मग सर्वांनी ते खेळून पाहावेत आणि प्रत्येक पट किती रंजक वाटला, किती अवघड वाटला, याचे गुण द्यावेत; त्या गुणांचा विचार करून एका छोट्या मंडळाने निवड करावी आणि सोप्यापासून अवघडापर्यंत क्रम लावावा. शिवाय निवडलेला पट दोन्ही नियमांनी सुटला पाहिजे, हे बंधन होतेच. मतदान म्हटले की लोकप्रियतेचा धोका आला. जो पट चटकन सुटतो त्याला गुण अधिक पडण्याचा संभव असतो. ज्याला चार संध्याकाळी द्याव्या लागतात, त्याच्याकडे थकलेला परीक्षक पाठ फिरवतो. म्हणून केवळ बेरीज करून भागत नाही. निवड करणाऱ्यांना गुणांच्या पलीकडेही पाहावे लागते. ठोकळ्यांचे दहा उत्तम पट ओळीने आले तर अकरावा कितीही चांगला असला तरी कंटाळा आणणारच. पंगतीत श्रीखंड आवडते म्हणून कोणी पानभर श्रीखंडच वाढीत नाही.

अशा रीतीने तिसरा संच २०१० साली सिद्ध झाला. आणि त्यानंतर या मंडळींनी एक गोष्ट केली, ती त्यांच्या सर्व कामांत श्रेष्ठ म्हणावी लागेल. त्यांनी मागे वळून ‘पहिला’ संच रचायला घेतला. दुसरा आधी, मग तिसरा, आणि पहिला सर्वांच्या शेवटी, असा हा उलटा क्रम! हेतू असा, की ज्या मुलापाशी मूळ खेळ नाही, त्यालाही पहिल्या पायरीपासून चढता यावे. मूळ पट वाटता येत नाहीत ना? मग त्यांच्या जागी उभे राहू शकतील असे नवे १४९ पट आपणच रचू या आणि सर्वांना फुकट देऊ या, हा तो विचार होता.

तयार खेळाडूंना सोपे कोडे रचायला सांगणे म्हणजे पट्टीच्या गवयाला अंगाई गायला सांगण्यासारखे आहे. त्याचे तानपलटे तेथे कामाचे नाहीत. ठोकळा ओढता येत नाही, ही गोष्ट ज्याला अजून ठाऊक नाही, त्याला ती सांगायची. पण सूचना लिहून नव्हे, तर पटाच्या रचनेतूनच. पहिल्यांदा पाण्याशी गाठ पडेल तेथे एकच ठोकळा आणि एकच चौकोन पाणी असावे, चुकले तरी नुकसान थोडे व्हावे, आणि उमगल्याचा आनंद मात्र पुरा मिळावा. १९८९ साली सॉमरव्हिल यांनी आपल्या आरंभीच्या पटांत हेच केले होते. त्यांनी त्यांना ‘धडा’ असेच नाव दिले होते. हा नवा पहिला संच २०१४ साली सर्वांसाठी खुला झाला. त्यातला एकही चौकोन मूळ खेळातून उचललेला नाही, आणि तरीही मूळ खेळाची शिकवण्याची रीत त्यात उतरली आहे. याच रीतीने २०१७ साली चौथा संचही आला.

या सर्व काळात मूळ कर्ता काय करीत होता? त्याची कहाणी थोडी कष्टाची आहे. एपिक्स कंपनी १९८९ सालीच दिवाळखोरीत गेली आणि खेळाचे हक्क कालांतराने परक्या हाती पडले. सॉमरव्हिल यांनी पुढे आपल्या खेळाचा दुसरा भाग लिहिला. तो २००० सालच्या सुमारास तयारही झाला होता. परंतु ज्या नावाने तो प्रसिद्ध व्हायचा, ते नावच त्यांचे उरले नव्हते. हक्काचा व्यवहार जुळेना, आणि तयार खेळ पेटीत पडून राहिला. स्वतः घडवलेल्या चिपला हाक मारायची त्यांना चोरी झाली. इकडे खेळाडू संचामागून संच रचत होते, तिकडे ज्याने पहिला पट मांडला त्याचा खेळ कुलपात होता. आणि त्या कुलपाची किल्ली कोणत्याही पटावर सापडणारी नव्हती.

ते कुलूप सुमारे पंधरा वर्षांनी उघडले. मे २०१५ मध्ये मूळ खेळ नव्या संगणकांसाठी पुन्हा प्रसिद्ध झाला, आणि त्याच दिवशी दुसरा भागही. नव्या भागात २०० पट आहेत, आणि मंडळाच्या दारात इतकी वर्षे परीक्षा घेत उभी असलेली मेलिंडा आता स्वतः पटावर उतरली आहे. खेळणाऱ्याने चिप व्हावे किंवा मेलिंडा, ज्याची त्याची मर्जी. पाण्यात लोटलेला ठोकळा मात्र तिलाही मागे ओढता येत नाही.